खुशालीचा मजकूर

दलित साहित्याची चर्चा सुरू झाली की वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द आपोआप ओठांवर येतात. या शब्दांनी एके काळी मोठे काम केले आहे. रसाच्या आणि अलौकिक आनंदाच्या कसोट्या घेऊन बसलेल्या प्रस्थापित समीक्षेला त्यांनी खडसावून विचारले की, ज्याच्या वाट्याला आनंदच आला नाही त्याच्या शब्दाला तुम्ही कोणत्या तराजूत तोलणार? हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु परिभाषा एकदा रुळली की ती काय पाहावे हे शिकवते, तसे काय पाहू नये हेही शिकवते. दलित माणसाने संतापून जे लिहिले ते आपण वाचले, त्यावर परिसंवाद घेतले, प्रबंध लिहिले. त्याच माणसाने पाळी संपवून आल्यावर, खोलीतल्या दिव्याखाली बसून, गावाकडच्या सोबत्याला जे चार ओळींचे कार्ड टाकले ते मात्र आपण वाङ्मयाच्या हिशेबात धरले नाही. पोराला ताप होता तो उतरला, खात्यात अजून कायम केलेले नाही, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. यात वाचायचे काय, असे आपल्याला वाटले. असे का वाटले आणि त्या मजकुरात खरोखर काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पत्र हा प्रकार मराठी वाङ्मयाला नवा नाही. साने गुरुजींची 'श्यामची पत्रे' आणि 'सुंदर पत्रे' कित्येक पिढ्यांनी वाचली. नामवंतांचे पत्रव्यवहार संपादित होऊन निघतात, त्यांवर परीक्षणे येतात. पण तेथे पत्राला मान मिळतो तो लिहिणारा मोठा असतो म्हणून, किंवा पत्रात उपदेश, निसर्गवर्णन, चिंतन असते म्हणून. घरची, कामाची आणि पाऊसपाण्याची बातमी ही अशा संग्रहातली अडगळ मानली जाते. 'यापुढील मजकूर घरगुती' असे म्हणून संपादक ती टिंबे देऊन गाळतो. (मला दर वेळी नेमका तो गाळलेला मजकूर वाचावासा वाटतो, हा माझा दुर्गुण समजावा.) अभिजनांना हा मजकूर क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या घरची बातमी कोणापर्यंत पोचणारच नाही, अशी पाळी त्यांच्यावर कधी आलेली नाही. बातमी पोचवायला त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या माणूस होता.

तो माणूस कोण होता, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांना मयतीचा सांगावा नेण्याचे काम महाराचे. रात्र असो, मुसळधार पाऊस असो, ओढ्याला पूर आलेला असो, निघायचे म्हणजे निघायचे. पाटलाच्या घरची सोयरीक, सरकारी अंमलदाराच्या येण्याची वर्दी, सारावसुलीचा हुकूम, गावातली दवंडी, हे सारे त्याच्या पायांवर आणि त्याच्या गळ्यावर चालले. 1874 च्या वतन कायद्याने या राबणुकीला कायद्याचे कुंपण घातले. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ही वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडावे लागले. शंकरराव खरातांच्या कथासंग्रहांची नावे पाहा: 'सांगावा', 'दौंडी'. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'तराळ अंतराळ' (1981). बातमी वाहणे हा ज्यांचा जन्मजात धंदा ठरवला गेला त्यांच्यातल्या एका लेखकाला शीर्षके सुचतात तीही त्याच धंद्यातून. हा योगायोग नाही. पण खरातांवर लिहिणाऱ्यांनी तराळाचे कष्ट पाहिले, त्याचा अपमान पाहिला. त्याच्या तोंडी असलेल्या बातमीत त्याचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला नाही.

त्याचे स्वतःचे काहीच नव्हते. दुसऱ्याच्या आईच्या मरणाची बातमी तो दहा कोस नेई. त्याची आई मेली तर ती बातमी न्यायला गावात वतनदार नव्हता. एकनाथांच्या भारुडांत महाराच्या तोंडी 'जोहार' आहेत. त्यांतला आध्यात्मिक आशय मोठा आहे आणि नाथांची करुणाही खोटी नाही, पण त्या रचनेचा साचा लक्षात घ्या. एक माणूस वाकून धन्याला खबर देत आहे. बातमी खालून वर जाते. दोन बरोबरीची माणसे एकमेकांना 'तुझे कसे आहे' म्हणून विचारत आहेत, असा तो साचा नाही, आणि त्या काळी तो तसा असूही शकत नव्हता. खुशाली विचारायला आधी समोरचा माणूस बरोबरीचा असावा लागतो.

म्हणून मला 'मूकनायक'मधली एक साधी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 31 जानेवारी 1920 रोजी सुरू झालेल्या या पाक्षिकात 'विविध विचार', 'वृत्तसार' यांच्या जोडीला 'क्षेम समाचार' आणि 'कुशल प्रश्न' या नावांची सदरे होती. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर लिहिताना आपण अग्रलेखांतील तर्कशुद्धता, भाषेची धार, चळवळीची दिशा यांचा विचार करतो, आणि तो करायलाच हवा. पण ज्यांना मुके म्हटले त्यांच्या पत्राने आपल्या सदरांना क्षेम आणि कुशल ही नावे द्यावीत, यात एक पवित्रा आहे. आपापसात क्षेमकुशल विचारणारा तो समाज ठरतो, नुसता जमाव ठरत नाही.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे येऊ. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले 1879 साली, पाव आण्याला. पुढच्याच वर्षी पोस्टाने मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे, लष्कर, नागपूरकडच्या गिरण्या यांत आपली माणसे गेली आणि या दोन कागदांनी प्रथमच त्यांच्या बातमीला पाय दिले. मनिऑर्डरच्या फॉर्मखाली मजकुराला दोन बोटे जागा असे. त्या दोन बोटांत काय लिहायचे याचा विचार माणूस आठवडाभर करी. आलेली पत्रे आढ्याला लोंबणाऱ्या तारेत ओवून ठेवण्याची रीत घरोघर होती. वरचे कार्ड नवे, खालची धुराने पिवळी पडलेली. ती तार म्हणजे त्या घराचे दफ्तर.

या कार्डांचा मजकूर वरवर पाहता साचेबंद असतो. 'स. न. वि. वि.', 'इकडील सर्व क्षेम', 'तिकडील खुशाली कळवणे'. हा साचा आपण ब्राह्मणी पत्रलेखनातून उचलला, असा आक्षेप घेता येईल आणि तो खरा आहे. पण 14 ऑक्टोबर 1956 नंतरची कार्डे पाहिली की दिसते, माथ्यावरचा 'श्री' गेला आणि 'जय भीम' आला. ज्या हाताने कधी जोहार घातला होता तोच हात आता मजकुराला सुरुवात करताना ताठ होता. खालचा मजकूर मात्र तोच राहिला: घर, काम, पाऊस. आणि हा मजकूर साचेबंद असला तरी एकाच अर्थाचा नाही. वाचणाऱ्याने जरा थांबले पाहिजे.

पावसाचेच घ्या. 'पाऊसपाणी कसे आहे' हा प्रश्न शेतकरी शेतकऱ्याला विचारतो तेव्हा तो पिकाची चौकशी करत असतो. ग्रामीण साहित्यात पाऊस येतो तो बहुतेक या अर्थाने येतो. पहिल्या सरीचा मातीचा वास, पेरणी, बैल, आणि पाऊस रुसला की धन्याचे आकाशाकडे लागलेले डोळे. भूमिहीनाच्या कार्डात तोच प्रश्न मजुरीची चौकशी असतो. पाऊस बेताचा पडला तर खुरपणी निघते, म्हणजे बायांना काम आहे. झड लागली तर आठ दिवस कोणी कामाला बोलवत नाही, म्हणजे चूल थंड आहे. फार पडला तर मातीची भिंत आली, शिवाय महारवाडा गावाच्या सखल अंगाला असला तर पाणी आधी तेथेच शिरते. अजिबात पडला नाही तर खडी. 1972 च्या दुष्काळात 'पाऊस नाही' या दोन शब्दांचा अर्थ मराठवाड्यातल्या घराघरात पाझर तलावाचे खोदकाम, रस्त्याची खडी, सुकडी आणि मिलो असा होता. मुंबईत ते कार्ड वाचणाऱ्या माणसाला हे उलगडून सांगावे लागत नव्हते. तो पुढच्या पगाराला चार रुपये जास्त पाठवी, किंवा उसने काढी. हवापाणी हा विषय बोलण्यासारखे दुसरे काही नसले म्हणजे काढतात, असे पांढरपेशे समजतात. येथे हवापाण्याची ओळ म्हणजे घरच्या अंदाजपत्रकाची ओळ आहे.

कामाच्या बातमीचेही तसेच. 'काम लागले' एवढे वाचून गावाकडची मंडळी साखर वाटत. सोबती मात्र परत विचारी: कोणते खाते? हा प्रश्न उगीच नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे मागावरच्या विणकामात, पगार चांगला. पण कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे, आणि म्हणून अस्पृश्याने त्या खात्यात यायचे नाही अशी स्पृश्य कामगारांची रीत होती. लाल बावटा खांद्यावर घेऊनही ती रीत सुटली नाही. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. तेव्हा 'रिंगखात्यात बदली आहे' या तीन शब्दांत वर्गही आहे आणि जातही आहे, आणि लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहेत. त्याने निषेधाचा शब्द वापरलेला नाही, म्हणून आपल्या परिभाषेत तो बसत नाही. दोष त्याच्या मजकुराचा नव्हे.

घरची बातमी हा या तिघांतला सर्वांत अवघड भाग. येथे एक उदाहरण दलित साहित्याच्या सीमेबाहेरचे, पण आपल्या परंपरेतले, देतो. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत: 1856, 1868 आणि 1877 सालची. पहिल्यात आपण आजारातून उठत आहोत, भावाने शुश्रूषा केली, ही माहेरची खुशाली आहे. आणि त्याच ओघात, महारमांगांसाठी काम करता म्हणून तुम्ही दोघे बहिष्कृत, असे म्हणणाऱ्या भावाशी झालेला वाद आहे, आईने तो ऐकल्याचे आहे. दुसऱ्यात गावात घडलेली हकिकत आहे. ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गर्भवती राहिलेली महाराची मुलगी यांना मारायला निघालेल्या लोकांपासून सावित्रीबाईंनी सोडवले आणि जोतीरावांकडे पाठवले. तिसरे ओतूरहून लिहिलेले, दुष्काळाचे. गुरे मरत आहेत, माणसे गाव सोडत आहेत, सावकार टपलेले आहेत, आणि सत्यशोधकांचे काम चालले आहे. या तीन पत्रांत घर, काम आणि पाऊस हेच तीन विषय आहेत. खुशाली कोठे संपते आणि चळवळ कोठे सुरू होते हे मला तरी या पत्रांत बोट ठेवून दाखवता येत नाही. सावित्रीबाईंच्या कवितांविषयी बरेच बोलले जाते. मला विचाराल तर त्यांचे गद्य, आणि विशेषतः ही पत्रे, कवितेपेक्षा उजवी आहेत.

परंतु सावित्रीबाईंच्या हाती लेखणी होती. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बाईच्या हाती ती नव्हती. तिची खुशाली दुसऱ्याच्या अक्षरात गेली. शाळेत जाणारा एखादा पोरगा, नाहीतर पोस्टमन, नाहीतर गावचा मास्तर. ती सांगे पुष्कळ. शेळी व्याली, सासू बोलत नाही, थोरलीला पाहून गेले, हातपाय सुजतात. पोरगा खेळायला जायच्या घाईत 'बाकी सर्व ठीक आहे' असे लिहून मोकळा होई. तारेतल्या कार्डांवर ही 'बाकी' ठिकठिकाणी सापडेल. त्या एका शब्दाखाली किती बायांचे बोलणे गाडलेले आहे, याचा हिशेब मराठी समीक्षेने मांडलेला नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986), शांताबाई कांबळे यांची 'माझ्या जल्माची चित्तरकथा' (1986) ही पुस्तके आली तेव्हा त्यांत विस्कळीतपणा आहे, तपशिलाचा पसारा आहे, असे म्हटले गेले. अहो, तो पसाराच तर आजवर 'बाकी सर्व ठीक' या शब्दांत कोंबलेला होता! उर्मिला पवारांच्या 'आयदान'ची (2003) सुरुवात डोक्यावर ओझी घेऊन डोंगरातून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांनी होते. वाट कठीण, ओझे जड, आणि चालता चालता बोलणे, चेष्टा, शिव्याशाप. मराठी कथाकवितेने पाणवठ्यावरच्या बायांच्या गुजगोष्टींचे कौतुक फार केले. आमच्या बाया त्या पाणवठ्यावर नव्हत्या. त्या लांब उभ्या राहून कोणी पाणी वाढते का याची वाट पाहत होत्या. त्यांच्या गुजगोष्टींची जागा ओझ्याखालची वाट ही होती. 'आयदान'ने ती जागा दाखवली.

आणखी एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. आईबापांना लिहिलेल्या पत्रात खुशाली असते. मित्राला लिहिलेल्या पत्रात हकिकत असते. मुलगा वसतिगृहातून आईला लिहितो, जेवण चांगले आहे. त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या मित्राला लिहितो की, दोन दिवस खानावळ बंद आहे, शिष्यवृत्ती आलेली नाही, आणि तुझा जुना सदरा असला तर कोणाबरोबर तरी पाठव. 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले आणि खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात राहायला आली, तेथून दलित साहित्याची एक पिढी उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या कविता छापल्या गेल्या. सुटीत गावी गेल्यावर या मुलांनी एकमेकांना जी आंतर्देशीय पत्रे लिहिली असतील ती कोठे आहेत? कवितेतला 'मी' युगायुगांचा हिशेब मागतो. पत्रातला 'मी' सदरा मागतो. दोघांना एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय त्या कवितेचे खरे वजन कळणार नाही, असे माझे मत आहे. दया पवारांना हे उमगले होते. 'बलुतं' (1978) मध्ये दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. टीकाकारांनी यात दुभंगलेले व्यक्तिमत्त्व पाहिले, ते आहेच. पण रचना म्हणून पाहिले तर गावाकडचा सोबती शहरातल्या सोबत्याला भेटला आहे आणि घरचे, कावाखान्यातले, कामाचे, माणसांचे सांगत बसला आहे. 'बलुतं'चा सूर अनेक ठिकाणी आक्रोशाचा नसून हकिकतीचा आहे, आणि म्हणूनच तो इतका झोंबला. आक्रोशापासून कान झाकून घेता येतात. शेजारी बसून हलक्या आवाजात सांगितलेले ऐकावेच लागते.

यावर दोन बाजूंनी हरकत येईल. एक पांढरपेशा समीक्षकाकडून: चला, आता दलित साहित्य शांत झाले, 'माणसाच्या' सुखदुःखांकडे वळले, सार्वत्रिक झाले. त्याला एवढेच सांगायचे की पावसाची ओळ आणि खात्याची ओळ त्याने पुन्हा वाचावी. ज्या मजकुराचा अर्थ जमीन आणि जात ठरवते तो सार्वत्रिक नसतो. दुसरी हरकत आपल्याच कार्यकर्त्याची: अत्याचाराच्या बातम्या येत असताना पोराचा ताप आणि शेळीचे वेत यांचे कौतुक करणे म्हणजे चळवळ बोथट करणे नव्हे काय? ही हरकत मी हलकी मानत नाही. खुशालीला बधिर करण्याची शक्ती असते. 'सर्व ठीक' म्हणता म्हणता ठीक नसलेले सोसण्याची सवय लागते. पण अत्याचाराच्या बातमीत आपला माणूस नेहमी मेलेला, जळालेला, नागवला गेलेला असतो. तो जिवंत असताना काय करत होता, कोणाला पत्र लिहीत होता, कोणत्या पावसाची वाट पाहत होता, हे त्या बातमीत नसते. जगाला आपण प्रेत म्हणूनच ठाऊक व्हावे, हे आपणही मान्य करायचे काय?

आता कार्डे जवळजवळ थांबली. तार 2013 साली बंद झाली, जुनी मनिऑर्डर 2015 साली. बीडकडची ऊसतोड कामगार जोडपी दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची खुशाली मोबाइलमधून जाते, पुष्कळदा बोलून, आवाज भरून. लिहिणाऱ्या पोराची गरज उरली नाही, 'बाकी'ही उरली नाही. बाई आता स्वतःच्या तोंडाने सगळे सांगते. हा फायदा मोठा आहे. तोटा हा की फोन बिघडला, विकला, पाण्यात पडला की आवाज गेला. तारेतले कार्ड उंदराने कुरतडले तरी निम्मे उरत होते.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना म्हणून एक काम सुचवतो. ज्यांच्या घरी अशी तार, पत्र्याची पेटी किंवा गाठोडे अजून आहे त्यांनी ते रद्दीत देऊ नये. मनिऑर्डरची कुपनेही ठेवावीत. मजकूर दोन बोटे असला तरी रक्कम आणि तारीख त्यावर आहे. घरच्या माणसांच्या संमतीवाचून काही छापू नये, त्यांत त्यांची लाज आणि भांडणेही आहेत. प्रत्येक कार्डामागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी सांगितले, कोणी लिहिले आणि कोणी वाचून दाखवले. पहिल्या दोन नावांत पुष्कळदा फरक निघेल. हे सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून काही घरांत आहेत; त्यांच्याजवळ बसून, 'बाकी सर्व ठीक' या ओळीवर बोट ठेवून, त्या दिवशी काय काय ठीक नव्हते ते विचारून घ्यावे.